ड्रायव्हर

नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी पारा सेहेचाळीसवर,
आणि दुकानात कूलर एकच,
तोही गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे.
पंकज डोंगरेनं घाम पुसत वायरी लावल्या.
प्रिंटर लागला. अंगठ्याचं मशीन लागलं.
कॅमेरा नाही लागला.
"मॅडम, याचा ड्रायव्हर नाही भेटत आता.
कंपनीच बंद झाली."

ड्रायव्हर तर माझ्या घरी आहे एक, म्हटलं,
एसटीचा, एकतीस वर्षं नागपूर-वर्धा.
रिटायर होऊन बाल्कनीत बसतो
आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला
इथूनच ब्रेक मारतो.
पंकज हसला नाही. त्याला अजून दोन दुकानं करायची होती.

कॅमेरा म्हणजे काय, जांभळाएवढा एक डोळा.
क्लिप तुटलेली, म्हणून मेथीच्या जुडीचा रबर.
बारा वर्षं या सदरच्या टेबलावरून
त्यानं घरमालक पाहिले, भाडेकरू पाहिले,
अकरा अकरा महिन्यांचे.
तीच माणसं परत येतात, पत्ता पुढे सरकलेला असतो:
मानेवाडा, मग बेसा,
मग बेलतरोडीच्याही पलीकडे, जिथे रस्ता अजून मुरमाचा आहे.
कोणालाच त्यानं सुंदर नाही काढलं.
सगळे थोडे पिवळे, थोडे घाबरलेले,
मालकसुद्धा.

एकदा कल्याणी मेश्राम नावाची बाई आली, कडेवर पोर.
सिस्टीम म्हणे दोन चेहरे चालत नाहीत.
मग पोराला टेबलाखाली मी धरलं,
फोटो होईस्तोवर त्यानं माझी चप्पल चाटली.
फोटोत बाई खाली पाहतेय.
तो तसाच मंजूर झाला.

संध्याकाळी सातला पंकजनं
कुठूनसा एक जुना ड्रायव्हर शोधून आणला.
चित्र आलं.
उलटं.
मी डोक्यावर उभी, पंखा पायाशी फिरतोय,
मागचं कॅलेंडर अख्ख्या मे महिन्यासकट वर चाललेलं.
पंकज अर्धा तास सेटिंगमध्ये शिरला, रिकाम्या हातानं बाहेर आला.
मी कॅमेरा काढला
आणि कपाटाच्या खिळ्याला उलटा टांगला.
झालं सुलटं.
तेव्हापासून तो मला मॅडम नाही, काकू म्हणतो.

आठशे रुपयांत नवा येतो. माहीत आहे मला.
मोठ्या स्क्रीनवर याचा फोटो दिसतो
टपाल तिकिटाएवढा, कडा कुरतडलेला.
त्याचा हिरवा दिवाही गेला आहे,
त्यामुळे आपल्याला कधी पाहिलं ते कोणाला कळत नाही.
मी सांगते, झाला.
तरी लोक तसेच बसून राहतात.

आणि आता सगळ्यांना मान वर करावी लागते.
भिवापूरकर, ज्यांच्या नावावर सहा फ्लॅट आहेत,
आणि त्यांचा नवा भाडेकरू, पार्सल पोचवणारा पोट्टा,
दोघांनीही हनुवटी उचलली काल,
दोघांच्याही गळ्यावर दाढीचे चुकलेले केस.
भिवापूरकरांनी विचारलं, "किती वर?"
म्हटलं, पोपट उडून झाडावर बसला तर पाहाल ना, तेवढं.
पोट्ट्यानं लगेच पाहिलं. त्यांना वेळ लागला.

दुपारी हे डबा घेऊन आले.
गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, बसा, चालतो का ते पाहू.
"कुठं पाहू? वर?"
वर पाहिलं त्यांनी, आरशात मागच्या सिटा पाहायचे तसं,
कोणी उतरायचं राहिलं आहे का.
बाहेर ऑटोनं कचकन वळण घेतलं
आणि टेबलाखाली यांचा उजवा पाय दाबला गेला.
फोटोत पाय येत नाही.

फोटो ठेवायला गेले
तर नव्यानं करार क्रमांक विचारला.
कराराची तारीख विचारली, ती पाठ आहे.
मग मुदत.
तो रकाना रिकामा ठेवला तर
पुढं जात नाही.